अप गाडी घाट उतरते

खंडाळा मागे पडले की डेक्कन क्वीन घाट उतरू लागते. गेल्या पावसाळ्यात आम्ही पुण्याहून मुंबईस निघालो होतो. खिडकीला नाक लावून बसलेली आमची नात धबधबे मोजीत होती. शेजारचे गृहस्थ फोनवर कोणाला तरी सांगत होते, "हो, अप डेक्कन क्वीनमध्येच आहे." झाले! नातीने धबधबे सोडले आणि मला धरले.

"आजोबा, अप म्हणजे वर ना? मग आपण खाली का चाललोय?"

वाचकहो, प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर देताना माझी भंबेरी उडाली. हा घाट १८६३ साली रेल्वेला खुला झाला. चढ असा की ३७ फूट पुढे जावे तेव्हा १ फूट वर चढावे. खंडाळ्याहून कर्जतला येईपर्यंत गाडी खाली खालीच येते. आणि तरीही ती 'अप'! संध्याकाळी हीच गाडी मागे इंजिने लावून, धापा टाकीत घाट चढते, तेव्हा ती 'डाऊन'.

कारण असे की, रेल्वेला डोंगर दिसत नाही, मुख्य ठाणे तेवढे दिसते. मुंबईकडे येणारी ती अप, मुंबईहून निघणारी ती डाऊन. ही रीत साहेबाने आपल्या घरून आणली. तिकडे लंडनला जाणारी गाडी, ती कुठल्याही डोंगरावरून येवो, अपच. ऑक्सफर्डला शिकायला जाणारा मुलगाही 'अप' जातो, आणि तिथून त्याला हाकलून दिले की 'सेंट डाऊन' म्हणतात. म्हणजे हा शब्द उंची सांगत नाही, मान सांगतो. मुंबईला हा मान मिळाला याचा पुणेकरांना काय त्रास होत असेल, तो पुणेकरच जाणोत!

इंग्रजीत याहून जाडजूड शब्द आहेत. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाचे ४३० अर्थ दिले होते. पुढे 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकले. पण ते दोघे सरळ दांडगे. अंगावर येतात तेव्हा दिसतात तरी. अप हा चोरपावलांचा. दोन अक्षरे, दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतात आणि वाक्याचा रोख फिरवतात. 'ब्रिंग अप' घ्या. मुलाला वाढवले तरी ब्रिंग अप, सभेत विषय काढला तरी ब्रिंग अप, आणि त्याच मुलाने जेवण ओकून टाकले तरी ब्रिंग अपच! 'होल्ड अप' म्हणजे आधार देणे. पण वाटेत खोळंबून राहणेही तेच आणि पिस्तूल दाखवून लुटणेही तेच. घर जळून खाक झाले तर ते 'बर्न अप' झाले म्हणा की 'बर्न डाऊन' झाले म्हणा, घरमालकाचे नुकसान सारखेच. 'वॉश अप' म्हटले की इंग्रज भांडी घासायला लागतो आणि अमेरिकन हातपाय धुऊन मोकळा होतो. (आमच्या घरात या बाबतीत सगळेच अमेरिकन आहेत, असे सौभाग्यवतींचे म्हणणे.)

आपणही या पाहुण्याला घरात घेतलेच आहे. मेकअप, चेकअप, लॉकअप, पिकअप यांना आता कोणी परके म्हणत नाही. नोकरीसाठी रोज गाडीने ये-जा करणारा तर सरळ 'अपडाऊन करतो' म्हणून सांगतो.

तशी आपल्या 'वर'ची लीला काही कमी नाही. लग्नात वर असतो, देव वर देतो आणि लोणच्याची बरणीही वरच असते. हात वर केले म्हणजे अंग काढून घेतले, वरची कमाई म्हणजे काय ते सांगायला नको, आणि 'ते वर गेले' यात माळ्यावर गेले की कायमचे गेले हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. पण आपण मराठीत जन्मलो. आपण चुकत नाही. परक्या भाषेत मात्र हीच दोन अक्षरे माणसाला कशी बुडवतात, ते मी आमच्या काकांच्या बाबतीत पाहिले आहे.

त्यांच्याकडे मुंबईच्या एका कंपनीची पेनांची आणि शाईची एजन्सी होती. सारे पुणे शहर त्यांच्याकडे. १९५९ सालच्या मार्चच्या आरंभी कंपनीचे पत्र आले. काका मॅट्रिकपर्यंत शिकलेले, इंग्रजीचा अभिमान मोठा. पत्रात लिहिले होते, "युअर टर्म इज अप ऑन द थर्टी-फर्स्ट ऑफ मार्च." काकांनी अर्थ लावला, टर्म म्हणजे अटी, अर्थात कमिशन, ते ३१ मार्चपासून वर गेले! पुढची ओळ होती, "वुई शॅल बी ग्लॅड टु टेक इट अप अगेन, इफ यू राइट टु अस." म्हणजे आपण लिहिले तर आणखीही वर नेतील! काकांनी त्याच संध्याकाळी वाड्यात पेढे वाटले. काकू म्हणाली, "मग लिहा की लगेच." काका म्हणाले, "छे, छे! एकदम हावरेपणा बरा दिसत नाही. वर्षभराने लिहू."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकूचे भाऊ आले. ते इंग्रजी शिकवणारे मास्तर. काकांनी मोठ्या कौतुकाने पत्र त्यांच्या हातात दिले. मामांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "भाऊजी, मुदत संपली. पुन्हा हवी असेल तर लिहा, असं म्हणताहेत ते."

काका त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी डेक्कन क्वीन धरली. ती अप होती, हे त्यांनी पुढे कधी विनोदानेसुद्धा सांगितले नाही. फोर्टातल्या कचेरीत साहेबाने पत्राची नक्कल पुढे ठेवली. पत्रात खोट काहीच नव्हती. पुणे शहर दुसऱ्याला देऊन झाले होते. काकांनी अकरा वर्षांचे हिशेब दाखवले, एक पैसा बाकी नव्हती. तेव्हा साहेबाने नगर आणि सोलापूर हे दोन जिल्हे देऊ केले. काकांनी ते घेतले.

मग दुकानातल्या गादीवर बसणारे काका एस.टी.ने हिंडू लागले. नमुन्यांची बॅग मांडीवर, शाईच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून वर हात. महिन्यातले वीस दिवस ते गावोगावच्या शाळांतून आणि दुकानांतून काढायचे. चुलतभावाला पुढे शिकायचे होते, त्याला १९६० साली नोकरी धरावी लागली. याबद्दल घरात कोणी कधी बोलले नाही. काकूने पेढ्यांचा विषयही काढला नाही.

काका गेल्यावर त्यांच्या जुन्या वह्या माझ्याकडे आल्या. अक्षर सुरेख, शाई अर्थात स्वतःच्याच कंपनीची. मार्च १९५९ च्या पानावर पेढ्यांची रक्कम त्यांनी आधी 'एजन्सी वाढ' या नावाखाली लिहिली होती. नंतर ते नाव एका रेघेने खोडून शेजारी लिहिले होते, 'किरकोळ'.