केस लाल, म्हणून माणूस वाईट?

जोवान्नी व्हेर्गा या इटालियन लेखकाची ‘रोस्सो माल्पेलो’ ही कथा १८७८ साली प्रसिद्ध झाली. सिसिली बेटावरच्या तांबड्या वाळूच्या खाणीत राबणाऱ्या एका पोराची ती गोष्ट. पोराचे केस लाल, म्हणून सगळे त्याला ‘माल्पेलो’ म्हणजे ‘वाईट केसांचा’ म्हणतात. कथेची सुरुवातच उलट्या तर्काने होते. याचे केस लाल का, तर तो मुळातच वाईट आहे म्हणून. आणि तो वाईट कशावरून, तर केस लाल आहेत म्हणून! खाणीतल्या कुणालाही यात काही खटकत नाही. सतत हेच नाव कानावर पडून त्याच्या आईलासुद्धा बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेल्या नावाचा जवळजवळ विसर पडलेला असतो.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होतो. कारण केसांच्या रंगावरून एका मुलाबद्दल मत बनवण्याची चूक मी स्वतः, तीही डॉक्टर म्हणून, केलेली आहे. त्या मुलाकडे शेवटी येतो. आधी लाल केसांची ही बदनामी कादंबऱ्यांतून कशी फिरली आणि विज्ञान तिच्याबद्दल काय म्हणतं, ते पाहू.

निरीक्षण अचूक, निदान चुकीचं

जन्मतः लाल केस आपल्याकडे जवळजवळ दिसतच नाहीत. लाल म्हणजे कुंकवासारखे लाल नव्हेत. घासलेल्या तांब्यापासून गाजरापर्यंतच्या छटांना तिकडे ‘लाल’ म्हणतात. जगात असे लोक साधारण शंभरात एक-दोन. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त, पण तिथेही ते अल्पसंख्यच. जो गर्दीत उठून दिसतो आणि संख्येने थोडा असतो, त्याच्यावर शिक्का मारणं नेहमीच सोपं असतं. येशूला पकडून देणारा ज्यूडास युरोपातल्या चित्रांत आणि नाटकांत वारंवार लाल केसांचा दाखवला गेला. तेव्हापासून तो रंग विश्वासघाताला चिकटला.

कादंबरीकारांना हा शिक्का आयताच मिळाला. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये पोरांना पाकीटमारी शिकवणारा फेगिन लाल केसांचा आहे. तो ज्यू असल्याचा उल्लेख तर मूळ मजकुरात पानोपानी येतो. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी डिकन्सला पत्र लिहून याबद्दल नाराजी कळवली. पुढच्या आवृत्तीत त्याने ते उल्लेख बऱ्याच ठिकाणी गाळले. केस मात्र लालच राहिले. त्यांच्याबद्दल पत्र लिहिणारं कुणी नव्हतं.

‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला कपटी युराया हीप तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचून दाखवावा असा आहे. लाल केस, भुवया जेमतेम, पापण्यांना केसच नाहीत असं वाटावं असे उघडे डोळे. लाल केसांच्या गोऱ्या माणसाच्या भुवया आणि पापण्यांचे केस कधी कधी खरोखरच इतके फिके असतात की ते नाहीतच असं वाटतं. म्हणजे डिकन्सचं निरीक्षण अचूक होतं. त्यावरून केलेलं निदान मात्र चुकीचं. विल्की कॉलिन्सच्या ‘आर्मडेल’ या १८६६ सालच्या कादंबरीतली लिडिया ग्विल्ट ही कारस्थानी, अफूच्या अर्काच्या आहारी गेलेली बाईही लाल केसांचीच. पुरुष असेल तर कपटी, बाई असेल तर धोकादायक, असा हिशेब ठरून गेला होता.

या सगळ्यात मला एक कथा वेगळी वाटते, आणि ती एका डॉक्टरनेच लिहिलेली आहे. आर्थर कॉनन डॉयल एडिंबरोत वैद्यकशास्त्र शिकला. त्याची ‘द रेड-हेडेड लीग’ ही शेरलॉक होम्सची कथा १८९१ साली आली. जेबिझ विल्सन या सावकाराला निव्वळ लाल केसांच्या जोरावर आठवड्याला चार पौंडांची नोकरी मिळते. काम काय, तर ज्ञानकोशाची पानं उतरवून काढायची! तो तिकडे लिहीत बसतो आणि इकडे त्याच्या दुकानाच्या तळघरातून चोर बँकेपर्यंत भुयार खणतात.

कथेच्या सुरुवातीला विल्सन होम्सच्या खोलीत बसलेला असतो. डॉक्टर वॉटसन त्याला निरखून पाहतो, पण लालभडक डोकं आणि चेहऱ्यावरची नाराजी यापलीकडे त्याला काही दिसत नाही. होम्स पाहतो तो उजवा हात डाव्यापेक्षा मोठा आहे हे. म्हणजे याने अंगमेहनत केली आहे. मनगटाजवळ गोंदण, म्हणजे हा चीनला जाऊन आला आहे. कोटाची बाही घासून चकचकीत झालेली, म्हणजे हल्ली बरंच लिखाण केलं आहे. आयुष्याने अंगावर ठेवलेल्या खुणा तो वाचतो. केसांवरून स्वभाव सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. रुग्ण कसा तपासावा याचा हा उत्तम धडा आहे. मी तो वेळेवर शिकलो नाही, ही गोष्ट वेगळी.

रंग येतो कुठून?

केसांना आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिन दोन प्रकारचं असतं. एक काळं-तपकिरी, एक लालसर-पिवळं. रंग तयार करणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर एमसी१आर नावाचं एक प्रथिन असतं. ते विजेच्या बटणासारखं काम करतं. बटण चालू झालं की पेशी काळं मेलॅनिन बनवते. ते नीट लागलं नाही की लालसर मेलॅनिनच जास्त बनतं. लाल केसांच्या माणसांत या बटणाच्या जनुकात बदल आढळतात, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. हे जनुक १६व्या गुणसूत्रावर आहे. बहुतेक वेळा असा बदल आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. म्हणूनच काळ्या-तपकिरी केसांच्या जोडप्याच्या पोटी लाल केसांचं मूल जन्मू शकतं. पूर्वी अशा वेळी आईच्या चारित्र्यावर बोट ठेवणारे लोक असतील, तर त्यांना जनुकशास्त्राने परस्पर उत्तर दिलं आहे.

या जनुकाचा शरीरावर परिणाम होतो. काळं मेलॅनिन कमी असल्यामुळे अशा माणसांची त्वचा उन्हात लवकर भाजते, आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका त्यांना जास्त असतो. स्वभावाचं काय? ‘लाल केसांची माणसं तापट’ असं म्हणतात. मला यात एवढंच तथ्य दिसतं की, खूप गोऱ्या कातडीवर रागाने चढलेली लाली लगेच दिसते. राग तुम्हा-आम्हालाही तेवढाच येतो. सावळ्या चेहऱ्यावर तो कमी दिसतो.

डॉक्टर मंडळीही अशा समजुतींपासून मुक्त नाहीत. लाल केसांच्या रुग्णाला भूल जास्त लागते, असं आमच्याकडे बरेच जण मानतात. याला आधार होता तो २००४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचा. त्यात लाल केसांच्या दहा आणि गडद केसांच्या दहा स्त्रिया होत्या, आणि पहिल्या गटाला भुलेचं औषध सुमारे १९ टक्के जास्त लागलं. पुढे कितीतरी जास्त रुग्णांवर झालेल्या अभ्यासात व्यवहारात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. पण चटकदार गोष्ट आधी पोचते आणि तिचं खंडन मागून, लंगडत येतं.

स्वतः निवडलेला लाल

अलीकडच्या कादंबऱ्यांत लाल केसांना बरे दिवस आले आहेत. डायना गॅबल्डनच्या १९९१ पासून सुरू झालेल्या ‘आउटलँडर’ मालिकेचा देखणा स्कॉटिश नायक जेमी फ्रेझर लाल केसांचाच आहे. मला जास्त आवडलं ते ओरहान पामुक या तुर्की लेखकाने २०१६ च्या ‘लाल केसांची बाई’ या कादंबरीत केलेलं. त्याची नायिका फिरत्या नाटक मंडळीतली नटी आहे आणि तिचे केस रंगवलेले आहेत. हा रंग तिला जन्माने मिळालेला नाही, तिने तो विचार करून घेतला आहे. इतरांनी मारायच्या शिक्क्याचा तिने स्वतःच दागिना केला.

आपल्याकडे लाल केस म्हणजे बहुधा मेंदी. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे द्रव्य केसांतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं आणि पांढरे केस नारिंगी-लाल दिसतात. साधी मेंदी बहुतेकांना सोसते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत मात्र अनेकदा पीपीडी हे रसायन असतं. त्याने काहींच्या डोक्याला, कपाळाला खाज सुटते, पुरळ येतं, डोळे सुजतात. एकदा असं झालं असेल तर पुन्हा वापरू नका. पुढच्या वेळी त्रास जास्त होऊ शकतो.

माझी चूक

आता त्या मुलाची गोष्ट. तीसेक वर्षांपूर्वी मी एका आदिवासी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात नवीन रुजू झालो होतो. ओपीडीच्या गर्दीत एक बाई दोन-अडीच वर्षांचा मुलगा घेऊन आली. कडेवर धाकटं तान्हं होतं. मुलाला खोकला होता. त्याचे केस विरळ, तांबूस. मी हसून म्हणालो, “हा तर साहेबाचा पोरगा दिसतो!” आजूबाजूचे हसले. बाईही कसनुसं हसली. मी खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि पुढचा रुग्ण बोलावला.

तीन आठवड्यांनी ती त्याला घेऊन परत आली. चेहरा सुजलेला, दोन्ही पावलं सुजलेली. पावलावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. पायांची कातडी सोलवटलेली. मूल रडतसुद्धा नव्हतं. केसांची बट हलकेच ओढली तर ती हातात आली. हा क्वाशिओरकोर होता, गंभीर कुपोषणाचा एक प्रकार. पुस्तकात मी तो पाठ केला होता. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, या आजाराचं वर्णन केलं, आणि तिथल्या गा भाषेतलं नाव वैद्यकशास्त्रात आणलं. धाकटं भावंड आल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. केस तांबूस होणं ही त्याची ठळक खूण. पाठ्यपुस्तकातली खूण समोर उभी होती, कडेवर तान्हं भावंडही होतं, आणि मी विनोद केला होता. मी वॉटसनसारखा नुसते केस पाहत बसलो होतो.

ते मूल वाचलं. पहिले काही दिवस कठीण गेले, मग सूज उतरली, मग एके दिवशी त्याने वाटीसाठी हात पुढे केला. दोनेक महिन्यांनी आई त्याला दाखवायला घेऊन आली तेव्हा मी त्याचं डोकं नीट पाहिलं. टोकाकडे केस तसेच तांबूस होते, पण मुळाशी बोटाच्या पेराएवढे काळेभोर केस उगवले होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. अन्न पोटात गेल्यावरचे दोन महिने त्या काळ्या भागात होते, आणि त्याआधीची उपासमार तांबड्या भागात.

सगळेच भुरे केस कुपोषणाचे नसतात. उन्हात खेळणाऱ्या मुलांचे केस थोडे फिके होतात, काहींच्या घराण्यातच तो रंग असतो. पण पाच वर्षांखालच्या मुलाचे केस आधी काळे होते आणि आता तांबूस, विरळ, सहज उपटणारे झाले असतील, मूल मलूल असेल, खात नसेल, तर वाट पाहू नका. दोन्ही पावलांवर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सूज असलेल्या मुलाचं वजन फसवं असतं. अंगात साठलेल्या पाण्यामुळे ते बरं दिसतं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजतात. अंगणवाडीत हे मोजून मिळतं.

व्हेर्गाचा माल्पेलो तेवढा नशीबवान नव्हता. त्याचा बाप त्याच खाणीत ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता. बेडूक म्हणून चिडवल्या जाणाऱ्या लंगड्या, क्षयाने खंगलेल्या मित्रासाठी हाच ‘वाईट’ पोर आपल्या मजुरीतून गरम सूप आणि वाइन घेऊन जातो. शेवटी खाणीतली एक अनोळखी वाट शोधायला त्याला पाठवलं जातं. तो गेला तरी कुणाचं काही अडणार नसतं. तो परत येत नाही. खाणीतली पोरं त्यानंतरही त्याचं नाव दबक्या आवाजात घेतात, लाल केसांचा तो अंधारातून समोर येईल या भीतीने.

त्या तालुक्यातल्या मुलाला आमचा वॉर्ड ‘साहेब’ म्हणायचा. ते नाव मीच पाडलं होतं. घरी जायच्या दिवशी त्याच्या आईने त्याला दारातून हाक मारली, तेव्हा त्याचं खरं नाव मी पहिल्यांदा लक्षपूर्वक ऐकलं. पहिल्या दिवसापासून ते केसपेपरवर लिहिलेलं होतं.