पॉइंट चार

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नगरसेवकही नीट वाचत नाहीत. मी वाचली ती एका विषयासाठी : ‘डोंगरवस्तीस होणारा टँकरद्वारे पाणीपुरवठा बंद करणेबाबत निर्णय घेणे.’ सोबत अर्ध्या पानाची टिपणी. नळाचं पाणी हजार लिटरला एवढ्याला पडतं, टँकरचं त्याच्या कितीतरी पट. सबब टँकर परवडत नाही. गावाचं नाव इथे देत नाही, असा कागद कुठल्याही गावात निघू शकतो. पण एक अख्खी वस्ती एका भागाकारात निकालात निघालेली पाहून तो भागाकार कसा केलाय, ते बघायला गेलो.

लेखा विभागात चौकशी केली तर लेखापाल मॅडम हसल्या. स्पर्धा परीक्षा देऊन आलेल्या, वयानं लहान. म्हणाल्या, “आकडे आमच्याकडूनच नेले. खोटे नाहीत. फक्त वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेत.”

नळयोजनेचा खर्च भागला होता जलशुद्धीकरण केंद्रातून सोडलेल्या पाण्यानं. टँकरचा खर्च भागला होता वस्तीत प्रत्यक्ष ओतलेल्या पाण्यानं. केंद्र आणि नळ यांच्या मधली गळती त्यामुळे हिशोबात आलीच नाही. केंद्र सरकारनं २००८ साली शहरी सेवांसाठी मानकं ठरवून दिली, त्यात ज्याची वसुली होत नाही असं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असं म्हटलंय. इथे ते किती? घरोघरी मीटर नाहीत, पाणीपट्टी वर्षाची ठोक, सांगणार कोण? समजा हजार लिटर सोडले आणि सहाशेच पोचले, तर नळाचा दर तिथल्या तिथे दीडपटीच्या वर जातो. शिवाय योजना शासनाच्या अनुदानातून झालेली, म्हणून तिचा घसारा धरलेला नाही. टँकर नगरपरिषदेनं स्वतःच्या पैशातून घेतला, म्हणून त्याचा घसारा धरलाय. बिचारा टँकर.

मॅडमनी नवा तक्ता मांडायला घेतला होता. पगार, तुरटी, क्लोरीन, दुरुस्ती हे रकाने सरळ होते. अडत होतं विजेच्या बिलावर. बिल कायम वाढतं आणि वाढण्याचं कारण कायम ‘दरवाढ’ असतं, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून आम्ही पंपघरात गेलो.

आत क्लोरीनचा नाकाला झोंबणारा वास, त्याखाली ग्रीसचा आणि तापलेल्या मोटारीचा. पंपावरचे अण्णा निवृत्तीला आलेले. पंपाच्या ग्लँडमधून पाणी टपटपत होतं. मी गळतीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, “ती गळाय पायजे. घट्ट आवळलं तर पॅकिंग जळतं.” मग गेजवर टिचकी मारली. “दहा किलो. म्हंजे शंभर मीटर चढाव. हजार लिटरला पॉइंट चार युनिट. नवा हुता तवा एवढंच घ्यायचा.”

हा पॉइंट चार पुस्तकातही बसतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला निव्वळ पाव युनिटाहून किंचित जास्त ऊर्जा लागते. पंप-मोटारीची तूट धरली की पॉइंट चार. अण्णांनी पुस्तक पाहिलेलं नव्हतं. पंप बसवणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलं, ते त्यांनी जपून ठेवलं.

“आता किती घेतो?” मॅडमनी विचारलं.

“कुणी मोजलंय?”

फ्लोमीटर बंद होता. मग अण्णांनीच तोड काढली. डोंगरावरच्या टाकीचा खालचा व्हॉल्व बंद करायचा, तासभर पंप चालवायचा आणि टाकीत पाणी किती चढलं ते पट्टीनं बघायचं. टाकी आतून वीस मीटर बाय दहा मीटर, म्हणजे एक सेंटीमीटरला दोन हजार लिटर. खाली मीटरपाशी मॅडम वही घेऊन उभ्या, वर पट्टी धरून वॉलमन आणि मी. तासाभरात पाणी नव्वद सेंटीमीटर चढलं : एक लाख ऐंशी हजार लिटर. मीटरच्या रीडिंगला गुणक लावून युनिटं आली १०५. मॅडमनी भागाकार दोनदा केला. पॉइंट पाच आठ.

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, “इंपेलर खाल्लाय. मी लिहून दिलं हुतं.” लॉगबुकात खरंच लिहिलेलं होतं, अँपिअर आणि प्रेशरच्या रकान्यांच्या बाजूला, पेन्सिलनं.

पॉइंट चार आणि पॉइंट पाच आठ. पंचवीस हजार वस्तीला माणशी १३५ लिटर धरलं, तर रोजची सहाशे युनिटं नुसती झिजलेल्या इंपेलरमध्ये जातात. हे टिपणीत नव्हतं, कारण ही तूट नळाच्या सरासरी दरात विरघळून गेली होती. आणि टँकर बंद केला तर वाचणार काय? ड्रायव्हर कायम नोकरीतला, त्याचा पगार चालूच. घसारा गाडी उभी राहिली तरी चालूच. वाचणार ते डिझेल आणि टायर. मॅडमनी तक्त्यात ‘बंद केल्यास प्रत्यक्ष वाचणारी रक्कम’ असा वेगळा रकाना काढला आणि त्या रकान्यात टँकर एकदम किरकोळ झाला.

डोंगरवस्ती टाकीपेक्षा उंचावर आहे, तिथे नळाला पाणी चढतच नाही. टँकर अकराच्या सुमाराला येतो. बॅरल भरायला घरटी एक बाई मागे राहते, तिचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. तो कुठल्याच तक्त्यात नाही, मॅडमच्याही नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “तो नगरपरिषदेचा खर्च नाही ना.” नियमानं बरोबर आहे. मला मात्र त्या फुकटच्या मजुरीमुळेच टँकर एवढ्यात भागतो असं दिसत होतं.

सभेत मॅडमचा तक्ता वाटला गेला. एका ज्येष्ठ नगरसेवकांनी कराडजवळच्या मलकापूरचं उदाहरण काढलं : मीटर लावले, चोवीस तास पाणी दिलं, आपणही करू. मीटर म्हटल्यावर बाक वाजवणारे हात थांबले. अण्णांच्या पंपाचा विषय अंदाजपत्रक तयार करण्यासाठी अभियंत्यांकडे गेला. टँकर बंद करायचा ठराव बारगळला. त्याऐवजी काटकसर म्हणून दोनातली एक फेरी कमी झाली, सकाळची. डिझेल निम्मं वाचलं, तशी नोंद इतिवृत्तात आहे.