जुन्या सायकलीचा गंज

जिन्याखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर टेकवून ठेवलेली काळी, उंच, पोलादी सायकल आजही पुष्कळ घरांत सापडते. कुठे ती आसनसोलला तयार झालेली सेन-रॅले असते, कुठे 1949 साली मद्रासला स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सची हर्क्युलिस. आजोबांनी ती पगारातून पैसे शिलकीस टाकून घेतलेली असते आणि आता ती भंगारवाल्याच्या तराजूत पडण्याच्या बेतात असते. "पार गंजली, आता तिच्यात काय राहिलंय?" असे घरातले म्हणतात. पण गंज दोन तऱ्हेचा असतो आणि दुरून दोन्ही सारखेच तांबडे दिसतात. म्हणून निकाल देण्यापूर्वी सायकल उजेडात आणून नीट पाहावी.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. मीठ असले तर काम लवकर होते. गोव्याच्या किनाऱ्यावरची सायकल म्हणूनच लवकर हात टेकते. या क्रियेतून जे सजल लोह ऑक्साइड तयार होते ते मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. त्यामुळे रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खालच्या लोखंडाला खात जातो.

नुसता वरवरचा गंज असेल तर तो कापडाला भुकटीसारखा लागतो आणि खाली धातू टणक असतो. खोल गेलेल्या गंजाचे खवले निघतात आणि खाली खड्डे दिसतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे, विशेषतः पायडलच्या एक्सलभोवतीचा सांधा, मागचे चिमटे आणि पुढच्या चिमट्याचा वरचा भाग. सीटच्या नळीतून उतरलेले पावसाचे पाणी त्या एक्सलपाशीच साचते. तिथे टोक आत गेले, किंवा पुढच्या चिमट्याला बारीकशीही चीर दिसली, तर ती सायकल भिंतीवर शोभेला टांगावी. तिच्यावर बसू नये. या बाबतीत माया उपयोगाची नाही.

बाकी गंज निघतो. पण गंज काढणे म्हणजे थोडे लोखंडही काढणे आहे, हे ध्यानात ठेवून सौम्य उपायापासून सुरुवात करावी. आधी रॉकेल किंवा डिझेलने जुने ग्रीस आणि माती धुवावी. क्रोमच्या हँडलवरचे तांबडे ठिपके ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले तर निघतात. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. नट, वायसर, स्पोकची निपलं यांना चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो. तांब्या-पितळेची भांडी उजळणारे टार्टारिक आम्ल इथेही कामाला येते. मोठ्या भागांसाठी ऑक्झॅलिक आम्ल, लिटरभर पाण्यात वीस-तीस ग्रॅम, पुरते. ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, स्वयंपाकघरातले भांडे वापरू नये, आणि शेवटी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन भाग ताबडतोब कोरडा करावा. बाथरूम धुण्याचे तीव्र आम्ल मात्र दूरच ठेवावे. ते गंजाबरोबर चांगले पोलादही खाते, आणि त्याच्या नुसत्या वाफेने शेजारची हत्यारे गंजतात.

खड्ड्यांत उरलेल्या गंजावर टॅनिनचा उपाय आहे. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी करीत, तीच ही रसायनक्रिया: टॅनिन आणि लोह मिळून काळे, स्थिर संयुग होते. बाजारातल्या काही 'रस्ट कन्व्हर्टर'मध्ये हेच टॅनिक आम्ल असते.

आता रंगाचा प्रश्न. सगळी फ्रेम खरवडून नवा चकचकीत रंग देण्याचा मोह होतो. तो आवरावा असे माझे मत आहे. कारखान्याचा मुलामा, नळीवरच्या सोनेरी रेघा, कंपनीचे चिन्ह हे एकदा गेले की परत येत नाही. उघड्या पडलेल्या जागीच प्रायमर आणि रंग लावावा, बाकीच्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते. त्याच कारणाने तेलाच्या चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात.

जोडणी करताना जुन्या सायकलींच्या काही खोडी माहीत हव्यात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि एक्सलच्या उजव्या कपाचेही. हबमधले छर्रे जुने वापरू नयेत. ते स्वस्त आहेत. मागच्या हबला सहसा पाव इंची छर्रे बाजूला 9 आणि पुढच्याला तीन-सोळांश इंची 10 लागतात. सळईच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, हबच्या बाजूने टेकते, तेव्हा तिथला गंज कसून काढावा. सर्वांत छळते ती कॉटर पिन. नट थोडा सैल करावा, क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम आधार द्यावा आणि एकच नेमका घाव घालावा. आधाराशिवाय ठोकत बसले तर आतले कप चेपतात. बसवताना दोन्ही पिना परस्परांच्या उलट दिशेने घालाव्यात, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर पिना आणखी थोड्या आत सरकतात. तेव्हा त्यांचे नट पुन्हा एकदा आवळावेत.