तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही
गावकारभार समजून घेताना : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण ग्रामपंचायतीची मासिक सभा पाहिली. ती निवडून आलेल्या सदस्यांची. ग्रामसभा मात्र मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाची, आणि गावोगावी लोकांचा खरा वैताग आहे तो याच सभेवर. ‘जाऊन काय उपयोग? ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं,’ हे शहादा तालुक्यात काय आणि कोल्हापुरात काय, एकाच सुरात ऐकू येते. खापर फोडले जाते ते आरडाओरडीवर, गटबाजीवर, नाहीतर ‘लोकच येत नाहीत’ यावर. मला विचाराल तर गोम दोन रुक्ष गोष्टींत आहे : तहकूब सभा आणि इतिवृत्त.

उदाहरणाला त्याच शहादा तालुक्यातले प्रकाशा घेऊ. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे, दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे गाव.  केदारेश्वराला येणारे भाविक, तापीकाठचे दशक्रिया विधी, दर बारा वर्षांनी सिंहस्थ, शहादा, तळोदा आणि नंदुरबारकडे फुटणारे रस्ते. बाहेरून येणाऱ्यांची एवढी वर्दळ, आणि गटारे, कचरा, नळपाणी, दिवाबत्ती बघायची ग्रामपंचायतीने. शिवाय गावाला ज्याची झळ लागते त्यातले पुष्कळसे तिच्या हातातच नाही. तापीवरचे बॅरेज जलसंपदा विभागाचे, मोठे रस्ते बांधकाम खात्याचे. सभेत लोक उठून हमरस्त्यावरच्या खड्ड्यांचा जाब सरपंचाला विचारतात, सरपंच हात वर करतात, आणि अर्धी सभा तिथेच संपते. हातातले विषय, म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कुठे गेला, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव कसे आले, ते मागे पडतात. ज्यांना ते मागे पडायला हवे असतात त्यांच्यासाठी खड्डे ही मोठीच सोय.

आता कायदा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. प्रथा पडली ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरची, कारण ध्वजवंदनाला किंवा जयंतीला माणसे जमलेलीच असतात. कागदावर हे शहाणपणाचे. खानदेशात मात्र १ मे म्हणजे ऐन लगीनसराई आणि त्रेचाळीस अंशांच्या घरातले ऊन. १५ ऑगस्टला कपाशीत निंदणी चाललेली असते आणि मजूर बायका झेंड्याच्या आधीच शेतात पोचलेल्या असतात. कलम ८ म्हणते की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवले पाहिजेत. ती पहिली सभा बहुतेक ठिकाणी १ मेचीच. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची सभा सगळ्यात गैरसोयीच्या दिवशी येते आणि याचे कोणाला फारसे काही वाटत नाही. तारखेला लोक इतके सरावले आहेत की ती कायद्यानेच ठरवून दिली असल्यासारखे बोलतात.

गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. हिशेब करून पाहा. मतदार ६६७ झाले की पंधरा टक्क्यांचे शंभर होतात, आणि त्यापुढे गाव कितीही वाढो, आकडा शंभरच. काही हजार मतदारांच्या प्रकाशासारख्या गावालाही शंभर, आणि त्याच्या कितीतरी लहान खेड्यालाही शंभर. तरीही हे शंभर जमत नाहीत. जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुढच्या तारखेला भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अटच नाही. विषय तेवढे आधीच्याच नोटिशीतले हवेत, नवा घेता येत नाही. म्हणजे पहिल्या सभेला पासष्ट माणसे आली तर ठराव होत नाही, आणि दुसऱ्या सभेला पंधरा आली तर होतो!

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माणसे नाहीत म्हणून गावाचे काम अडू नये, एवढाच. पण कारभाऱ्यांना ही वाट पाठ झाली. पहिली नोटीस किमान सात दिवस आधी लावावी लागते, दवंडी द्यावी लागते. तहकूब सभेची तारीख मात्र कार्यालयातल्या फळ्यावर खडूने लिहिलेली, नाहीतर कोणाच्या तरी मोबाइलवरच्या ग्रुपात पडलेली. माझा सल्ला सरळ आहे : पहिल्या सभेला जमले नाही तर एक वेळ चालेल, तहकूब सभा चुकवू नका.

दुसरी गोष्ट इतिवृत्ताची. सभेत बोलले काय यापेक्षा वहीत उतरले काय, याला किंमत. लिहिणारा ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी). बरीच भांडणे अहिराणीत नाहीतर भिलोरीत होतात आणि वहीत उतरते ती कार्यालयीन मराठी : ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.’ अर्धा तास गदारोळ झाला, तिघांनी लेखी विरोध दिला, तरी ‘सर्वानुमते’. त्याहून वाईट प्रकार हजेरीच्या रजिस्टरचा. सभा संपते, शिपाई रजिस्टर घेऊन किराणा दुकानापासून पानटपरीपर्यंत फिरतो आणि संध्याकाळपर्यंत सह्या शंभराच्या वर जातात. कोऱ्या पानावर सही करणारेही आपणच असतो, हे बोलायची मात्र पद्धत नाही.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ नावाची प्रणाली आणली. सभेच्या रेकॉर्डिंगवरून ती आपोआप इतिवृत्त तयार करते. चांगले आहे. पण रेकॉर्डिंग करायला आधी सभा भरली पाहिजे.

‘मेंढा लेखाला जमते ते इथे का नाही?’ असा प्रश्न हटकून येतो. गडचिरोलीतले ते गाव एकमताने निर्णय घेते, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्याने मिळवला. पण ती जेमतेम पाचशे माणसांची वस्ती. सगळ्यांना एकमेकांचे शिवार ठाऊक. हजारोंच्या बाजारपेठी गावाला मेंढ्याचा दाखला देणे मला अन्यायाचे वाटते. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर आणि शहादा-नंदुरबारचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्यालाही आपली वेगळी ग्रामसभा मागता येते. मोठ्या बिगर-पेसा गावाला त्याच्या जवळ जाणारी एक सोय कायद्यात आहे : ग्रामसभेआधी प्रत्येक सदस्याने घ्यायची वॉर्डसभा. तशीच महिलांची सभाही आधी घेणे बंधनकारक. वॉर्डसभा शेवटची कधी झाली हे तुमच्या सदस्याला विचारून पाहा. पुष्कळांना ती घ्यायची असते हेच नवे वाटेल. महिलासभा ‘झाली’ असते, बचतगटाच्या बैठकीच्या सह्यांवर. तापीच्या याच खोऱ्यात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या बायकांनी दारूचे गुत्ते फोडले होते. त्यांच्या लेकी-सुना सभेत बोलायला बिचकतात असे कोणी सांगितले तर माझा विश्वास बसत नाही. त्यांना निरोपच जात नाही.

मग करायचे काय? आपला विषय सभेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. पोच असली की ‘ऐन वेळचे विषय’ म्हणून तो शेवटी ढकलता येत नाही. सभा सुरू होताच मागचे इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. ‘सर्वानुमते’ खोटे असेल तर तिथेच हरकत घ्या आणि ती वहीत लिहून घ्या. सही करण्याआधी पान भरलेले आहे ना, ते बघा. इतिवृत्ताची नक्कल दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : शुल्क १० रुपये, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. कारभाराबद्दल दाद लागली नाही तर तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे, त्यावर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे.

आणि नक्कल मागताना तारीख लिहायची ती तहकूब सभेची. लेखापरीक्षणाचे शेरे कसे वाचायचे ते पुढच्या लेखांकात.