भिंतीलाही वापसा यावा लागतो



२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर पुष्कळांनी दिवाळीच्या आत गिलावा आणि रंग उरकून घेतला. वर्षभरात पोपडे सुटले आणि उसाच्या बिलातले पैसे भिंतीबरोबर खाली आले. मुंबईला अँटॉप हिलच्या पायथ्याशी तळमजल्यावर राहणारी आपली माणसेही हेच गाऱ्हाणे सांगतात. दोन्हीकडचे दुखणे एकच आहे, म्हणून त्याचे कारण येथे देत आहोत.

क्षारपड जमीन आपणास ठाऊक आहे. जादा पाणी दिले की जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जाते आणि मीठ पांढरे होऊन वर राहते. वीट आणि गिलावा यांतही बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी वर चढते व सुकताना क्षार पृष्ठभागाशी सोडते. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. ओल्या भिंतीवर गिलावा आणि वर तेलरंग दिला, की पाण्याची वाट बंद होते. क्षाराचे खडे रंगामागे वाढतात आणि पापुद्रा ढकलून देतात.

अँटॉप हिलला यात आणखी भर पडते. नाव टेकडीचे असले, तरी पायथ्याचा भाग सखल, आणि जवळच वडाळ्याची मिठागरे व खाडी. समुद्राला भरती असली की पावसाचे पाणी गटारातून बाहेर पडत नाही, उलट तुंबते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईचे सखल भाग असेच बुडाले. भिंतीत एकदा मीठ मुरले की ते दमट हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे पूर नसतानाही पावसाळ्यात भिंत घामेजते.

मग थांबायचे किती? शेतात वापसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही; भिंतीचेही तसेच समजा. विटेच्या जाडीला इंचाला एक महिना, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. कडक उन्हाळ्यात भिंत लवकर सुकते, मुंबईच्या दमट हवेत उशीर लागतो. म्हणून कॅलेंडर बघू नका, भिंत बघा. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनी चिकटवा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूस दव दिसले, तर वापसा आलेला नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१. घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करावा. भिजलेली बटणे व सॉकेट वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये.

२. गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो भिंत सोडत नाही.

३. पाण्याच्या खुणेच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचा फुगलेला गिलावा खरवडून वीट उघडी करावी. पाणी खुणेच्या वरही चढलेले असते.

४. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत, पंखा लावावा. कपाटे, कणग्या भिंतीपासून हातभर दूर सराव्यात.

५. पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावा. धुतला तर तो पुन्हा आत जातो.

६. वापसा आल्यावर चुना मिसळलेला गिलावा करावा. नुसत्या सिमेंटचा घट्ट थर दिला, तर ओल त्याच्या मागून आणखी वर चढते. पहिले वर्ष चुन्याची सफेदी पुरे, तेलरंग नंतर.

मातीच्या भिंतींची गोष्ट निराळी. पाणी उतरल्यावर त्यांचा पाया मऊ पडलेला असतो आणि भिंत खचते ती बहुधा तेव्हाच. बाहेरून टेकू दिल्याखेरीज आत जाऊ नये, मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नये.

मुंबईच्या काँक्रीटच्या इमारतीत क्षार सळईपर्यंत पोचला की सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे तुकडे पडतात. तिथे वरून सिमेंट फासणे म्हणजे गळू झाकणे. अशा इमारतीला इंजिनिअरच पाहिजे. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींची तपासणी कायद्यानेही बंधनकारक आहे. आपल्या मुलाबाळांना हे जरूर कळवावे.

पुरानंतर पैसा हातात आला की सगळे एकदम उरकावेसे वाटते. आमची विनंती एवढीच, की पहिला पैसा वीज, टेकू आणि छपरावर खर्च करावा. गिलाव्याचा पैसा बाजूला ठेवावा आणि भिंत कोरडी झाली की मगच गवंड्याला बोलवावे.