वेताळसाधना

वेताळसाधना : मृत मानवी देहात वेताळाचा संचार घडवून त्याच्या साहाय्याने इष्टसिद्धी मिळविण्याचा, प्राचीन भारतीय कथावाङ्‌मयात वर्णिलेला विधी. वेताळ ही स्मशानात वावरणारी पिशाचयोनी होय. तो ज्या प्रेतात शिरतो, त्या मृत व्यक्तीचा तो आत्मा नसतो. प्रेत हे त्याचे केवळ तात्पुरते अधिष्ठान असते. त्यामुळे प्रेत हसले वा बोलले, तरी मृत मनुष्य परत आला असे होत नाही. यूरोपीय कथांतील रक्तशोषक व्हँपायर हा सामान्यतः स्वतःच्याच देहानिशी उठलेला मृत मनुष्य असतो. रिचर्ड बर्टनने वेताळकथांच्या आपल्या इंग्रजी रूपांतराच्या (१८७०) शीर्षकात वेताळाला व्हँपायर म्हटल्याने हा भेद पुसट झाला.

सोमदेवाच्या कथासरित्सागरातील (अकरावे शतक) शशांकवती लंबकात या विधीचे तपशीलवार वर्णन आढळते. गोदावरीतीरावरील प्रतिष्ठानचा (पैठण) राजा त्रिविक्रमसेन याला क्षांतिशील नावाचा भिक्षू कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावतो व शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणावयास सांगतो. अस्थिचूर्णाचे मंडल, रक्ताने भरलेले कलश आणि मानवी चरबीचे दिवे अशी विधीची सिद्धता असते. वाटेत प्रेतातील वेताळ राजाला कथा सांगून कूटप्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून न दिल्यास राजाचे मस्तक फुटावे आणि मौन सोडल्यास प्रेत पुन्हा झाडावर जावे, अशी ही कोंडी आहे. चोविसाव्या प्रश्नाला राजाजवळ उत्तर नसते; तो निरुत्तर राहतो व त्यामुळेच प्रेत मंडलापर्यंत पोहोचते. राजाच्या धैर्याने प्रसन्न झालेला वेताळ भिक्षूचा कट आधीच उघड करतो. साष्टांग नमस्कारासाठी वाकलेल्या राजाचा बळी देऊन विद्याधरांचे आधिपत्य मिळविण्याचा भिक्षूचा बेत असतो. राजा भिक्षूलाच नमस्काराची रीत दाखवावयास सांगतो व त्याचा शिरच्छेद करतो.

मंत्राने वेताळ येतो. परंतु तो साधकाचा दास होत नाही, हे या कथेचे मर्म होय. साधकाची पात्रता तो स्वतः पारखतो. बाणभट्टाच्या हर्षचरितात (सातवे शतक) भैरवाचार्य असाच विधी करतो. प्रेताच्या मुखात अग्नी चेतवून तो तिळांच्या आहुती देतो. मात्र तेथे साहाय्यक राजा पुष्यभूती याच्याशी कपट नसते. राजा विघ्नाचे निवारण करतो आणि भैरवाचार्याला विद्याधरपद लाभते. साधने तीच असूनही फळ भिन्न ठरते, ते हेतूमुळे.

मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या वेताळपंचविशीमुळे (१८३०) या कथा मुद्रित रूपात वाचकांपर्यंत पोहोचल्या. कोकण व गोमंतक येथे ग्रामरक्षक म्हणून पूजिला जाणारा वेताळ ही लोकदेवता आहे. तिच्या उपासनेचा या कथांतील शवविधीशी घोटाळा करणे योग्य नव्हे.