दिव्यांग-अनुदान आणि आरोग्यविमा : आपोआप समावेशाचा प्रश्न

सामाजिक सुरक्षेच्या विचारात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एखाद्या व्यक्तीची दिव्यांगता आणि तिची आर्थिक दुर्बलता या दोन्ही गोष्टी शासनाने एकदा तपासून मान्य केल्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्यविम्यासाठी तिने पुन्हा वेगळा पुरावा का द्यावा? मासिक अनुदान मंजूर होताच विम्याच्या यादीतही तिचे नाव दाखल होणे, यास 'आपोआप समावेश' असे म्हणता येईल. वरवर पाहता हा प्रश्न केवळ कार्यालयीन सोयीचा वाटतो. वस्तुतः पात्रता सिद्ध करण्याचा भार व्यक्तीने वाहावयाचा की शासनाने, हा त्यातील मूळ मुद्दा होय.

महाराष्ट्रात या विषयाशी दोन योजनांचा संबंध येतो. पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० पासून चालत आली असून तिच्या लाभार्थींत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण इत्यादींबरोबर दिव्यांग व्यक्तींचाही समावेश होतो. किमान ४० टक्के दिव्यांगता आणि ठरावीक मर्यादेच्या आतील कौटुंबिक उत्पन्न या तिच्या प्रमुख अटी आहेत. अनुदानाची मासिक रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली आणि दिव्यांग लाभार्थींसाठी २०२५ मध्ये ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. दुसरी योजना आरोग्याची. ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गोंदिया जिल्हा त्या आठांत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाली तेव्हा तो तीत आला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले आणि २०२० मध्ये केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी तिची सांगड घालण्यात आली.

या दोन योजनांचा पाया मात्र एक नाही. अनुदान व्यक्तीला मिळते, तर विमा कुटुंबाला. अनुदानाची पात्रता दिव्यांगतेचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांवर ठरते. विम्याची पात्रता दीर्घकाळ शिधापत्रिकेच्या रंगावर ठरत आली. पिवळी शिधापत्रिका, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांची केशरी शिधापत्रिका, असे तिचे मुख्य वर्ग होते. व्यक्ती आणि कुटुंब यांची सीमारेषा जेथे जुळते तेथे अडचण उद्भवत नाही. जेथे ती जुळत नाही तेथे पहिल्या योजनेने ज्याला निराधार मानले, तो दुसरीच्या दृष्टीने अपरिचित ठरण्याचा संभव असतो.

हा संभव प्रत्यक्षात कसा दिसेल, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा येथे माहेरी परतलेली एक दिव्यांग परित्यक्ता आहे, असे समजू. विवाहाच्या वेळी तिचे नाव वडिलांच्या शिधापत्रिकेतून कमी झाले आणि सासरच्या शिधापत्रिकेत चढले. आता ती भावाच्या घरी राहते. भावाच्या शिधापत्रिकेत तिचे नाव नाही. निराधार अनुदानासाठी तिने दिव्यांगतेचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा पुरावा सादर केला, तालुका समितीने तो मान्य केला, आणि अनुदान तिच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. म्हणजे ती कोण, कोठे राहते आणि तिची स्थिती काय, हे शासनास पूर्णपणे ठाऊक आहे. तरीही शस्त्रक्रियेसाठी ती गोंदियाच्या रुग्णालयात जाईल तेव्हा आरोग्यमित्र तिच्याकडे शिधापत्रिका मागेल. अनुदान मंजुरीचा आदेश त्या जागी चालणार नाही. शिधापत्रिकेचे काम पुरवठा शाखा पाहते आणि निराधार योजनेचे काम त्या योजनेची शाखा पाहते. दोन्ही शाखा तहसील कार्यालयाच्याच. एका मेजावर सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या मेजापर्यंत पोहोचत नाही, आणि ती पोहोचविण्याचे काम, जिला चालणेही कठीण त्या बाईवर येऊन पडते.

शासनाच्या २०२३ च्या निर्णयाने आणि त्याच्या १ जुलै २०२४ पासूनच्या अंमलबजावणीने हे चित्र बरेच पालटले, हे येथे नमूद करावयास हवे. विम्याचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष दीड लाखावरून पाच लाख रुपये झाले, उपचारांची संख्या १,३५६ पर्यंत गेली, आणि पांढऱ्या शिधापत्रिकेचे धारक व शिधापत्रिका नसलेले राज्याचे अधिवासी यांनाही योजनेत स्थान मिळाले. उत्पन्नाची अट अशा रीतीने दूर झाली. मग आपोआप समावेशाचा प्रश्न उरतोच कोठे, असे कोणी विचारील. तो पुराव्याच्या रूपाने उरतो. वरील उदाहरणातील स्त्रीला आता शिधापत्रिका नसली तरी अधिवासाचे प्रमाणपत्र चालेल. परंतु तेही काढावे लागते, आणि त्याची गरज बहुधा आजार बळावल्यावरच ध्यानात येते.

येथे नोंदणीच्या तीन पद्धतींतील भेद लक्षात घेतला पाहिजे. पहिल्या पद्धतीत व्यक्ती अर्ज करते आणि मुदतीनंतर तो पुन्हा करते. २००८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना या प्रकारची होती. तीत कुटुंबास ३० रुपये भरून स्मार्ट कार्ड घ्यावे लागे आणि एका कार्डावर पाचच जणांची नावे बसत. सहा जणांच्या घरात कोणाला वगळावयाचे हे घरानेच ठरवावे, असा त्याचा अर्थ होता. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता व बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी एक लाखापर्यंतचे संरक्षण देते. तीही अर्जावर आणि नूतनीकरणावर चालते. दुसऱ्या पद्धतीत शासन स्वतःच नाव दाखल करते आणि नको असल्यास व्यक्तीने तसे कळवावयाचे असते. तिसऱ्या पद्धतीत पूर्वनोंदणीच नसते. रुग्णालयात ओळख पटली की लाभ मिळतो. महाराष्ट्राची योजना या तिसऱ्या प्रकारात मोडते, आणि तो तिचा मोठा गुण आहे. तथापि या पद्धतीत नोंदणी सर्वथा नाहीशी झालेली नसते. ती रुग्णालयाच्या दाराशी सरकलेली असते. कागदातील उणीव निरोगी माणसाला महिन्याने दुरुस्त करता येते. खाटेवरील रुग्णाला तेवढा अवधी नसतो.

केंद्रीय योजनेचा अनुभवही उद्बोधक आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिचा आरंभ झाला तेव्हा ग्रामीण लाभार्थींची निवड २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेवरून करण्यात आली. त्या गणनेतील वंचिततेच्या निकषांपैकी एक दिव्यांगतेचा होता. परंतु त्याला एक उपाधी जोडलेली होती. घरात दिव्यांग सदस्य असावा आणि धडधाकट प्रौढ एकही नसावा, तरच तो निकष लागू पडे. त्यामुळे भावाच्या आश्रयाने राहणारी दिव्यांग बहीण या निकषात बसत नव्हती. शिवाय गणनेनंतर अपघाताने वा आजाराने ज्यांना दिव्यांगता आली त्यांची नोंद त्या यादीत असणे शक्य नव्हते. दिव्यांगता ही अवस्था कोणत्याही वर्षी येऊ शकते. एका वर्षी गोठविलेली यादी तिचा पाठलाग करू शकत नाही. अनुदानाची यादी मात्र सतत चालू राहते, आणि आपोआप समावेशासाठी तिचे महत्त्व नेमके यातच आहे.

दुसऱ्या पद्धतीचे ठळक उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथील मेडिकेअर ही योजना १९६५ च्या कायद्याने वृद्धांसाठी निर्माण झाली. १९७२ च्या दुरुस्तीने ती दिव्यांग-विमा-वेतन घेणाऱ्यांना लागू झाली आणि जुलै १९७३ पासून तिचा अंमल सुरू झाला. वेतन सुरू होऊन २४ महिने झाले की अर्ज न करता नाव दाखल होते आणि पत्रिका टपालाने घरी येते. वर्गणी लागणारा वैद्यकीय सेवांचा भाग नको असल्यास तो नाकारता येतो. गरीब दिव्यांगांच्या साहाय्य-वेतनाबरोबर बहुतेक राज्यांत मेडिकेड हा दुसरा विमा आपोआप मिळतो. काही राज्ये मात्र निराळा अर्ज मागतात किंवा अधिक कडक निकष लावतात.

या व्यवस्थेतून दोन बोध निघतात. पहिला असा की, आपोआप म्हणजे तत्काळ नव्हे. वेतनापूर्वीचे पाच महिने आणि नंतरचे चोवीस, असा एकोणतीस महिन्यांचा काळ पुष्कळांना काढावा लागतो. चेतापेशींच्या एका वेगाने वाढणाऱ्या रोगाच्या रुग्णांना ही प्रतीक्षा परवडणारी नाही, हे मान्य होऊन २००१ पासून त्यांना चोवीस महिन्यांच्या अटीतून सूट मिळाली. दुसरा बोध असा की, विमा वेतनाला बांधला म्हणजे वेतन थांबताच विमाही थांबण्याचे भय निर्माण होते, आणि त्या भयाने काम करू शकणारा मनुष्यही काम टाळतो. म्हणून कामावर परतल्यावरही मेडिकेअर कित्येक वर्षे चालू ठेवण्याची तरतूद तेथे करावी लागली.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा दुसरा बोध विशेष महत्त्वाचा आहे. निराधार अनुदान उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि हयातीच्या पडताळणीवर अवलंबून असते. एखादा दाखला वेळेवर पोहोचला नाही तर अनुदान अडते. विमा त्याच दोरीला बांधला, तर एका कागदाच्या चुकीने दोन्ही आधार एकदम सुटतील. म्हणून अनुदानाची यादी ही विम्यात प्रवेशाचे एक दार असावी. विम्यातून बाहेर काढण्याचे कारण ती होऊ नये.

समावेश झाला तरी संरक्षण पुरे होते असे नाही. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल रोगाचे उदाहरण घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत या रोगाचा समावेश आहे. त्याच्या रुग्णाला रोजच्या गोळ्या, नियमित रक्ततपासणी आणि अधूनमधून रक्त लागते. विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा आहे. रोजच्या औषधासाठी रुग्णाला शासकीय आरोग्यसेवेवरच विसंबावे लागते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाली आहे. परंतु गावापासून तेथवर जाण्याचा खर्च आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी यांचा भार विमा सहसा उचलत नाही.

आपोआप समावेशास कायद्याचा आधार शोधावा लागत नाही. उपर्युक्त अधिनियमाच्या २४ व्या कलमात, अन्य शासकीय विम्याखाली न येणाऱ्या दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक विमा योजनेचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याच्या आरोग्य योजनेसही ही कल्पना अपरिचित नाही. शासनमान्य आश्रमशाळांतील विद्यार्थी, अनाथालयांतील मुले आणि वृद्धाश्रमांतील ज्येष्ठ नागरिक यांना तीत स्वतंत्र वर्ग म्हणून स्थान दिलेले आहे. केंद्रीय योजनेनेही ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व व्यक्तींना, उत्पन्न न पाहता, केवळ वयावरून प्रवेश दिला. जे संस्थेतील निराधाराला आणि वृद्धाला मिळू शकते, ते घरी राहणाऱ्या दिव्यांगाला देण्यात तत्त्वाची अडचण दिसत नाही. अनुदान-मंजुरीचा आदेश हाच रुग्णालयात पात्रतेचा पुरावा मानावा, एवढ्या एका नियमाने पुष्कळसे अंतर भरून निघेल.

दवनीवाड्याच्या त्या कल्पित स्त्रीकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले, तर तिला नव्या योजनेची वा नव्या निधीची गरज नाही, असे दिसून येईल. तिच्याविषयी शासनाने एकदा जे मान्य केले, त्याची आठवण शासनानेच ठेवावी, एवढेच तिचे मागणे ठरते.